आमचा डिमॅजिओ असं कधी करत नसे

संघात नवा पोरगा आला की त्याचा खेळ बघण्यात वेळ दवडू नका. खेळ काय, कुणीही बघतो. जाणत्या प्रेक्षकाने त्याच्या शेजारी ताबडतोब एक जुना देव आणून उभा करायचा आणि खेदाने मान हलवायची. या विद्येत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची मंडळीही काही कच्ची नाहीत, पण खरी गुरुगादी न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमची, म्हणजे यांकी या बेसबॉल संघाच्या घराची. तेव्हा बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी काही धडे तिथूनच घ्या.

सुरुवात लवकर करा, शक्यतो पोराने पहिला अधिकृत सामना खेळण्याआधी. 1951 साली मिकी मॅन्टल यांकी संघात आला तेव्हा त्याचं वय होतं 19. ओक्लाहोमातलं कॉमर्स नावाचं गाव, बाप शिसं-जस्ताच्या खाणीत कामाला. संघाने त्याला अंगात घालायला 6 नंबर दिला. आता यांकींकडे 3 नंबर बेब रूथचा, 4 लू गेरिगचा, 5 जो डिमॅजिओचा, तिघेही संघाचे देव. पुढे 6. बोलायचं काहीच नाही, जर्सीनेच सगळं बोलून टाकलं होतं. तुमच्याही संघाच्या व्यवस्थापनाकडे इतपत कल्पकता असेल तर तुमचं निम्मं काम परस्पर होतं.

मग आकडे काढा, पण जपून. समजा, कुणी आगाऊपणे 1951 चेच दोघांचे आकडे पुढे ठेवले. डिमॅजिओचा तो शेवटचा हंगाम होता, सरासरी .263 (हजार संधींत 263 यशस्वी फटके), होमरन (आपल्या षटकाराचे भाऊबंद) 12. मॅन्टलचा पहिला हंगाम, मधले काही आठवडे खालच्या लीगमध्ये हद्दपारी भोगूनही सरासरी .267, होमरन 13. असं कुणी दाखवलं तर त्याला खेळातलं काही कळत नाही असं सांगून विषय बदला. तुलना नेहमी पोराच्या चालू आठवड्याची आणि देवाच्या 1941 सालाची करायची असते. त्या साली डिमॅजिओने सलग 56 सामन्यांत निदान एकेक तरी हिट (यशस्वी फटका) मारली होती आणि अख्ख्या हंगामात तो फक्त 13 वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला होता. मॅन्टल 1952 मध्ये 111 वेळा झाला. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि गप्प बसा. पोराची सरासरी त्या साली .311 होती, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नका.

देव जेव्हा स्वतः पोरगा होता, तो काळ मात्र कुलूपबंद ठेवा. डिमॅजिओ 1936 मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्याने 46 होमरन मारले आणि 1938 मध्ये मालकाकडे 40 हजार डॉलर मागितले. मालक 25 हजारांच्या वर जाईना. हा रुसून घरी बसला, शेवटी 25 हजारांवरच परतला, आणि परतल्यावर प्रेक्षकांनी त्याची यथास्थित हुर्यो उडवली. मंदीचे दिवस, लोकांना कामधंदा मिळेना, आणि या पोराला पैशाचा माज आलाय, असं तेव्हाच्या जाणत्यांचं मत. तेच जाणते 1951 मध्ये मॅन्टलला ऐकवत होते की डिमॅजिओने कधी स्वतःचा विचार केला नाही. निवृत्त खेळाडू लोणच्यासारखा असतो, बरणी बंद झाली की चव वाढतच जाते.

पोरगा डळमळला की जोर लावा. 1951 च्या जुलैत मॅन्टलला खालच्या लीगमध्ये कॅन्सस सिटीला धाडलं. तिथेही बॅट चालेना. त्याने बापाला फोन केला की मला हे जमणार नाही. बाप, मट मॅन्टल, गाडी हाकत कॅन्सस सिटीच्या हॉटेलवर आला आणि समजूत-बिमजूत न घालता पोराचे कपडे बॅगेत कोंबायला लागला. चल, म्हणे, माझ्याबरोबर खाणीत काम कर. मला वाटलं होतं मी मर्द वाढवलाय. मॅन्टलने हा किस्सा पुढे आयुष्यभर सांगितला. बॅग पुन्हा उघडली गेली, बॅट चालू लागली, आणि ऑगस्टमध्ये पोरगा न्यू यॉर्कला परतला तो 7 नंबर घालून. अशा वेळी प्रेक्षकाने विरघळून जायचं कारण नाही. 6 नंबर पेलवला नाही, एवढीच नोंद करून ठेवा.

शरीरसुद्धा तपासा. मॅन्टलला शाळेत फुटबॉल खेळताना लाथ बसून पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झाला होता, म्हणून कोरियाच्या युद्धात सैन्याने त्याला नाकारलं. बॉलमागे धावतो आणि लढायला पाय दुखतो काय, असं लोक ओरडत. डिमॅजिओ तर महायुद्धात तीन वर्षं लष्करात होता! (त्या लष्करात त्याचं मुख्य काम बेसबॉल खेळण्याचं होतं, पण इतक्या खोलात कोण जातं.)

आणि देव मैदानात असताना पोराने कडेला व्हायला हवं, हेही त्याच वर्षी ठरलं. 5 ऑक्टोबर 1951, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, दुसरा सामना. समोरच्या संघातल्या विली मेज नावाच्या दुसऱ्या एका पोराने चेंडू मॅन्टल आणि डिमॅजिओच्या मधोमध उडवला. डिमॅजिओची टाच दुखरी, तेव्हा मिळेल तिथे तू धाव, असं मॅनेजर स्टेंगलने मॅन्टलला बजावलेलं. तो सुसाट निघाला. शेवटच्या क्षणी डिमॅजिओचा आवाज आला, माझा. देवाला कोण धक्का देणार? मॅन्टलने करकचून ब्रेक लावला आणि त्याच्या बुटाचे खिळे पाणी जायच्या गटाराच्या झाकणात अडकले. गुडघा गेला. चेंडू डिमॅजिओने आरामात झेलला. तो गुडघा घेऊन मॅन्टल पुढे सतरा हंगाम खेळला. तुम्ही मात्र एवढंच म्हणा की पोरगा जरा नाजूकच निघाला.

एवढं करूनही पोरगा टिकलाच तर? 1956 मध्ये मॅन्टलने .353 सरासरी, 52 होमरन आणि 130 आरबीआय (त्याच्या फटकेबाजीवर संघाला मिळालेल्या धावा) करून तिन्ही याद्यांत लीगमध्ये पहिला नंबर काढला. असं होतं कधीकधी. खचून जायचं नाही, दुसरा पोरगा येईपर्यंत दम धरायचा.

तो आला डिसेंबर 1959 मध्ये, रॉजर मॅरिस. 1961 मध्ये मॅन्टल आणि मॅरिस दोघंही रूथच्या एका हंगामातल्या 60 होमरनच्या विक्रमामागे लागले आणि एका उन्हाळ्यात चमत्कार झाला. दहा वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो मिकी एकदम आपला घरचा झाला. मॅरिस उपरा, आखडू, बातमीदारांशी नीट बोलत नाही. मॅन्टल म्हणे पहिल्यापासूनच लाडका होता! इथे स्मरणशक्ती आड येऊ देऊ नका. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी तर जाहीर केलं की रूथच्या काळच्या 154 सामन्यांच्या आत विक्रम मोडला तरच तो खरा, नंतरचा वेगळा नोंदवावा. हंगाम त्याच वर्षी 162 सामन्यांचा झाला होता. फ्रिक एके काळी वर्तमानपत्रांत रूथच्या नावाने लेख लिहून द्यायचे, म्हणजे निःपक्षपातीपणाचा प्रश्नच नाही. मॅरिसच्या डोक्यावरचे केस झुबक्याने गळायला लागले. 1 ऑक्टोबरला त्याने 61 वा मारला तेव्हा स्टेडियममध्ये 23,154 माणसं होती. बाकीच्या खुर्च्या रूथशी एकनिष्ठ राहिल्या.

आता मॅरिसचं काय झालं म्हणाल, तर तोही देव झाला. वेळ लागला, पण झाला. 2022 मध्ये यांकींचाच ॲरन जज 61 च्या जवळ पोचला तेव्हा जो तो मॅरिसचं नाव घेऊन हळवा होत होता. खरा विक्रम तो, औषधंबिषधं न घेता केलेला. औषधांच्या काळातले 70 आणि 73 होमरनचे विक्रम नकोतच. जजने 4 ऑक्टोबरला टेक्ससमध्ये 62 वा मारला. दहा दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, यांकी स्टेडियमवर क्लीव्हलँडविरुद्धच्या सामन्यात तो चार वेळा स्ट्राइकआउट झाला आणि घरच्या प्रेक्षकांनी त्याची रीतसर हुर्यो उडवली.