युरोप म्हणजे नेमकं कोण?

"युरोपने निर्णय घेतला" अशी बातमी दिसली की डोकंच फिरतं. कोणी घेतला? खंडाने? अहो, तो युरोपीय संघ, २७ देशांचा! नॉर्वे, स्वित्झर्लंड त्यात नाहीत, मग ते काय आफ्रिकेत गेले? २०२० साली ब्रिटन संघातून बाहेर पडला, तर "ब्रिटनने युरोप सोडला" म्हणत सुटले सगळे. बेट होतं तिथेच आहे, बाबांनो!

उलट सायप्रस बघा. नकाशात तुर्कस्तानच्या खाली, पण २००४ पासून संघात. फ्रान्सचाच भाग असलेला फ्रेंच गयाना तर थेट दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलला खेटून, आणि तिथे चलन युरो. उरल पर्वतापर्यंतचा रशिया मात्र ज्याच्या त्याच्या सोयीने कधी आत, कधी बाहेर. व्हिसाचा घोळ आणखी निराळा: आयर्लंड संघात आहे पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) नाही, स्वित्झर्लंडचं नेमकं उलटं. (युरोपियन कौन्सिल आणि कौन्सिल ऑफ युरोप या दोन वेगळ्या संस्था आहेत. ही नावं ठेवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.)

'संघ' एवढी दोन अक्षरं जास्त लिहायला मथळ्यात जागा मिळत नाही का यांना?