२० बारच्या मशीनचा मेसेज वाचून पैसे घालू नका

आठ दिवसांपासून ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला, की एस्प्रेसो मशीन घ्यायची तर २० बारचीच घ्या (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप), जितके बार जास्त तितकी कॉफी भारी, पाणी पार उकळतं पाहिजे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर मशीन तापू द्यायचीही गरज नाही. धरमपेठेतला माझा एक दोस्त याच भरवशावर घरची चांगली मशीन विकायला निघाला होता, म्हणून लिहून राहिलो.

पहिलं बारचं. डब्यावरचा १५ नाहीतर २० हा आकडा पंपाचा आहे, पुढचा रस्ता पूर्ण बंद केला तर पंप जास्तीत जास्त किती जोर लावेल तेवढाच. कॉफीला लागतात ९ च्या आसपास. आणि प्रेशर पंप एकटा बनवतच नाही बाप्पा, ते बनते कॉफीच्या दाबलेल्या थरामुळं. त्या दोस्ताच्या मशीनवर करून दाखवलं, कॉफी न भरता बटण दाबलं तर पाणी धो धो आलं आणि मशीनवरचा प्रेशरचा काटा जागचा हललाच नाही, मग १८ ग्रॅम बारीक दळलेली भरून नीट दाबली तर काटा सरसर ९ वर गेला, धार उंदराच्या शेपटीएवढी बारीक झाली आणि २८ सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी कपात. जास्तीचं प्रेशर एक स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह सोडून देते, टाकीचं झाकण उघडून पाहा, त्याच्या नळीतून पाणी टपटप परत पडताना दिसते. म्हणजे धार कमीजास्त करायची तर दळण बदला, मशीन नाही.

उकळत्या पाण्याचं म्हणाल तर ९० ते ९६ डिग्री पुरे. इटलीतल्या जुन्या मशीनी वाफेच्याच दाबावर चालायच्या, जेमतेम दीड बार, आणि कॉफी करपट लागायची, गाजिया कंपनीच्या, वाफेऐवजी दांड्यानं दाब देणाऱ्या मशीनी १९४८ च्या सुमारास आल्या तेव्हा कुठं ते सुटलं. आजही एकाच बॉयलरच्या मशीनवर दूध फेसाळून लगेच कॉफी काढली तर बॉयलर १२० च्या वर असतो, कॉफीवर पाणी सोडणाऱ्या जाळीतून पाणी फुसफुसत वाफ होऊनच निघते. आधी अर्धा कप पाणी सोडून द्या, फुसफुस थांबली की मग कॉफी लावा.

आणि उन्हाळा. मे महिन्यात ४५ असलं तरी ९३ ला अजून ४८ बाकीच आहेत ना. पाणी तापते लवकर, पण ज्यातून ते जाते तो पितळेचा जड भाग थंडा असला तर तोच पाण्याची गरमी खाऊन टाकते, म्हणून अशा मशीनीला २० ते ३० मिनिटं द्या, कॉफी भरायचं हँडलही तिथंच लावून ठेवा. दोस्तानं मशीन विकली नाही, आता ग्राइंडर पाहून राहिला.