हृदयाचा उपास

माझ्या छातीवर सध्या बिनकेसांची पाच वर्तुळं आहेत आणि पाचही खाजतात. ती हॉस्पिटलातल्या मामांनी कोरड्या रेझरने केली. मी कळवळलो तर म्हणाले, "काका, आठ दिवसांत परत येतील. गाजरगवतासारखे."

कारण गुडघा. तो बदलायचा म्हटल्यावर हाडाच्या डॉक्टरांनी आधी हृदयाची फिटनेस मागितली. हृदयवाले म्हणाले, ट्रेडमिलवर चाला. चालता आलं असतं तर गुडघा कशाला बदलला असता? मग ठरली डोब्युटामिन स्ट्रेस इको. यात माणूस कॉटवर पडून राहतो, शिरेतून औषध सोडून हृदयाला एकट्यालाच पळवतात आणि धापा टाकताना त्याची सोनोग्राफी करतात.

शुक्रवारी गेलो तर परत पाठवलं. मी सकाळची बीपीची गोळी घेतली होती.

काऊंटरवरची मॅडम म्हणाली, "ही का घेतली? ही बीटा ब्लॉकर आहे. ठोके वाढूच देत नाही."

"तुम्हीच फोनवर सांगितलंत, रोजच्या गोळ्या घेऊन या."

"मी नाही. ती दुसरी मॅडम."

दुसरी मॅडम शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिने मान वर केली नाही. मग डॉक्टरांना विचारून दोन दिवस तेवढी एक गोळी बंद ठेवायची आणि सोमवारी यायचं ठरलं. ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, हे मलाही कळतं. पण निदान ज्यांनी सांगायचं त्यांनी तरी सांगावं की नाही? हातात एक इंग्रजी कागद दिला. चहा-कॉफी चोवीस तास बंद, चार तास काही खायचं नाही.

चोवीस तास चहा नाही. मी एकसष्ट वर्षांचा आहे. मुंजीपासून आजवर असा दिवस गेलेला नाही.

तर सोमवार. सकाळी आठपासून बाकावर. बायको फार्मसीच्या रांगेत, कारण सलाईनचा सेट, डोब्युटामिन, ॲट्रोपिन सगळं आपणच विकत आणून द्यायचं. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी. त्यांचे 'हे' आत अँजिओग्राफीला. साडेदहाला आजींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि तुपातल्या जिऱ्याचा वास थेट माझ्या मेंदूत शिरला. साबुदाण्याची खिचडी. मोकळी, दाणान्‌दाणा सुटा, वर भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट. मी तिकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे.

"उपाशी हाय का भाऊ?"

"हो ना."

"मग घ्या की. उपासाचीच हाय."

"नाही, मला चालत नाही."

"श्रावणी सोमवारला साबुदाणा चालत न्हाई?" आजी चमकल्या. "मग भगर खाता काय? सूनबाईनं दिलीया थोडी. आमटीबी हाय."

"आजी, माझा उपास शंकराचा नाही. तपासणीचा आहे. हृदयाचा."

"मग पाणी तरी?"

"पाणीसुद्धा घोटभरच."

"अगं बाई! म्हंजे निर्जळीच की. आन् सोडायचा कधी?"

"ते आत बोलावतील तेव्हा."

"कधी बोलावत्याल?"

"ते माहीत नाही."

आजींनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, काऊंटरकडे बघितलं. म्हणाल्या, "देवाचा उपास बरा वो. देवाला निदान ठाऊक असतं कोण उपाशी हाय. हितं कुणाला ठाऊक हाय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काऊंटरकडेही नव्हतं, कारण आजी डबा माझ्या मांडीवर ठेवून तिकडे जाऊन विचारून आल्या. "ह्यो भाऊ निर्जळी बसलाय, त्याचं बघा," असं त्यांनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं. समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी लगेच शंका काढली, की साबुदाणा मुळात उपासाला चालतोच कसा? त्यांचं बरोबरच आहे म्हणा. ज्या कंदापासून तो करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडे साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलमहून. एवढा परका पदार्थ श्रावणात थेट देवघरापर्यंत जातो, त्याला कुणी कागद दाखवत नाही. बंदी फक्त माझ्या अर्ध्या कप चहावर. उघड्या डब्याला मांडीवर सांभाळत मी हा विचार करत होतो आणि तूप गार होत होतं.

सव्वाअकराला दारातून एका तरुण डॉक्टरने माझं नाव पुकारलं आणि तिथूनच विचारलं, "काका, काचबिंदू आहे का? प्रोस्टेट? लघवीला अडतं का?" हे विचारावंच लागतं, कारण ठोके कमी पडले म्हणून ॲट्रोपिन द्यायची वेळ आली तर या दोन्ही दुखण्यांत त्रास होऊ शकतो. पण मजला ओलांडून? मी मानेनेच नाही म्हटलं. "मोठ्याने बोला काका!" मी मोठ्याने बोललो. मागून आजींचा आवाज आला, "धने-जिऱ्याचं पाणी घ्या, मोकळी व्हती."

आत गार. डाव्या कुशीवर वळवलं, डावा हात उशाशी, उजव्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा. फासळ्यांमध्ये गार जेल लावून प्रोब इतका रुतवला, की हृदय बघतायत की पाठीमागची भिंत, असं वाटावं. माझं लक्ष्यही ठरलेलं होतं. 220 मधून वय वजा करायचं, त्याचे 85 टक्के. म्हणजे मिनिटाला 135 ठोके. औषध किलोमागे मिनिटाला 5 मायक्रोग्रॅमने सुरू होतं आणि दर तीन मिनिटांनी वाढतं. 10, 20, 30, 40. आयसीयूत थकलेल्या हृदयाला टेकू द्यायलाही हेच वापरतात. माझं थकलेलं नव्हतं, फक्त उपाशी होतं.

पाच-दहाला काहीच नाही. विसाला कानात ठोके ऐकू यायला लागले. तिसाला डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्या आणि बोटं थरथरायला लागली. एसटी सुटतेय आणि आपण फाट्यावरून पळतोय, अगदी तसं होतं. फक्त पळायला हृदय एकटंच गेलं होतं आणि मी पिशवी सांभाळत मागे पडलो होतो. भीती वाटते. वाटणारच. "छातीत दुखलं, गरगरलं तर लगेच सांगा," असं सिस्टर दर तीन मिनिटांनी म्हणत होत्या. नेमकं किती धडधडलं तर ते 'ठीक' समजायचं, हे मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. एवढं एक वाक्य मराठीत त्या कागदावर छापलं असतं तर कागद फाटला असता का?

चाळीसला गाडी 118 वर अडली. सिस्टरनी हातात बँडेजचा रोल दिला. "काका, जोरात दाबा, सोडा, दाबा." 121. डॉक्टर म्हणाले, "ॲट्रोपिन." अर्ध्या मिनिटात तोंडातली सगळी थुंकी कुणीतरी टिपकागदाने टिपून घेतल्यासारखी गेली. 129, 133, 137. "होल्ड करा, श्वास सोडा, हलू नका!" पडद्यावर चार चौकटींत माझं हृदय, आधीचं आणि आत्ताचं शेजारी-शेजारी. भिंतीचा एखादा भाग ताणाखाली नीट आकसत नसेल, तर तिथल्या रक्तपुरवठ्यात खोट समजायची. माझ्या सगळ्या भिंती आकसत होत्या.

नळी बंद झाली आणि पाच-सात मिनिटांत माझी एसटी थांब्यावर लागली. ठोके शंभराच्या खाली येईपर्यंत कॉटवरच ठेवलं. मी डॉक्टरांना विचारलं, "आता चहा चालेल ना?"

"चहा चार तास आधीपर्यंत चालला असता. कॅफिनचं कडक पथ्य अडेनोसिनसारख्या औषधांच्या टेस्टला असतं, कारण कॅफिन त्या औषधांचं काम अडवतं. डोब्युटामिनला तेवढं नाही."

"मग कागदावर?"

"कागद सगळ्यांना एकच देतो, काका."

मी काही बोललो नाही. तोंड कोरडं होतं म्हणून नव्हे.

बाहेर आजी डब्याच्या झाकणात खिचडी काढून थांबल्या होत्या. "सोडा आता," म्हणाल्या. मी मोठा घास घेतला. ॲट्रोपिनचा अंमल काही तास राहतो, हे मला घास टाळ्याला चिकटल्यावर आठवलं. गिळता येईना, थुंकता येईना, जीभ साबुदाण्यात रुतून बसली.

"कशी झालीया?" आजींनी विचारलं.

मी हातवारे केले. आजींनी माझा हात धरला, चेहरा निरखला आणि काऊंटरकडे तोंड करून ओरडल्या, "ओ सिस्टर! ह्या भाऊची वाचा गेली!"

गाजरगवतवाले मामा व्हीलचेअर घेऊन धावत आले. आठ वाजल्यापासून त्या मजल्यावर माझ्यासाठी पहिल्यांदाच कुणीतरी धावलं होतं. मागोमाग दुसरी मॅडमही आली आणि बायकोला विचारायला लागली, "यांनी काही खाल्लं होतं का?"