सगळ्याच गाड्यांचे असे होते, म्हणे!

माझ्या मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत पावसाचे पाणी शिरते. गाडीची वॉरंटी अजून संपलेली नाही, दुरुस्तीचे बिल ७,८४० रुपये झाले आहे आणि कंपनीच्या मते यात कंपनीची काहीही चूक नाही. कंपनीचे किंवा मॉडेलचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण प्रकरण नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे आणि निकालाआधी ते जाहीरपणे घेणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या दारात ही गाडी उभी आहे, ते पुढचे वर्णन वाचून ती ओळखतीलच.

मी इंदिरानगरला राहतो आणि गोंद्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. रोजचे जाणे-येणे मुंबई-आग्रा महामार्गाने, दुचाकीवरूनच. जुलैमध्ये विल्होळी मागे पडली की पाऊस धरतो आणि वाडीवऱ्ह्यापर्यंत रेनकोटच्या आतला शर्टही कोरडा राहत नाही, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको. दिवसभर गाडी कारखान्याच्या उघड्या पार्किंगमध्ये साइड स्टँडवर उभी असते. अशाच एका संध्याकाळी परतताना, राजूर बहुल्याच्या जरा अलीकडे, गाडीने दोन-तीन गचके खाल्ले आणि भर रस्त्यात इंजिन बंद पडले. मागून येणाऱ्या कंटेनरवाल्याने वेळेवर गाडी बाजूला घेतली, म्हणून ही पोस्ट लिहायला मी आहे. छोट्या हत्तीत घालून गाडी नाशिकला आणली, त्याचे बाराशे रुपये वेगळेच.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरने टाकी रिकामी केली. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत काढलेल्या पेट्रोलच्या तळाशी बोटभर उंचीचा गढूळ थर स्वच्छ दिसत होता. फ्युएल पंप निकामी झाला होता आणि इंजेक्टर चोक झाला होता. जॉब कार्डवर मात्र कारण लिहिले गेले, 'निकृष्ट इंधन, वॉरंटी लागू नाही.' मी सांगितले की त्याच पंपावर, त्याच रात्री, माझ्यामागोमाग पत्नीने तिच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरले होते आणि ती स्कूटर आजही विनातक्रार चालते आहे. फरक एवढाच की स्कूटर इमारतीखाली छपरात उभी असते. यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर थोडा वेळ गप्प राहिला. पोरगा मनाने चांगला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, खरं सांगू का? या मॉडेलला पावसाळ्यात सगळ्यांचंच असं होतं. तुम्ही टाकीवर कव्हर टाकत जा." आणि काउंटरमागच्या खोक्यातून त्याने साडेचारशे रुपयांचे कव्हर काढून माझ्यापुढे ठेवले.

त्या रविवारी मी इमारतीच्या पार्किंगमध्ये एक साधा प्रयोग केला. या गाडीचे पेट्रोलचे झाकण टाकीच्या पृष्ठभागापेक्षा थोडे खोलगट जागेत बसवलेले आहे, त्यामुळे त्याच्याभोवती एक उथळ खळगा तयार होतो. त्यात साचलेले पाणी निघून जावे म्हणून खळग्याच्या उजव्या कडेला एक भोक आहे आणि त्याची नळी टाकीतून आरपार जाऊन खाली, मागच्या चाकाजवळ सुटते. आता साइड स्टँड कोणत्या बाजूला असतो? डावीकडे. म्हणजे उभी गाडी डावीकडे कलते, पाणी डावीकडे जमते आणि ते बाहेर काढणारे भोक उजवीकडे, उंचावर कोरडे राहते. मी गाडी साइड स्टँडवर लावून, झाकण नीट बंद करून, खळग्यात एक ग्लास पाणी ओतले. थोडे ओसंडून टाकीवरून ओघळले, उरलेले झाकणाच्या बिजागरीपाशी तळ्यासारखे साचून राहिले. वर जाऊन चहा घेऊन आलो, पाणी तिथेच. मग मुलीला मोबाइल धरायला सांगितले आणि गाडी हाताने सरळ उभी केली, तेव्हा चार-पाच सेकंदांत मागच्या चाकाजवळ पाण्याची बारीक धार लागली. नळी स्वच्छ होती, भोक मोकळे होते, सगळे नकाशाबरहुकूम होते. डबल स्टँड असता तर पाणी वाहून गेले असते, पण या मॉडेलला तो मिळतच नाही, वेगळे पैसे मोजूनही नाही.

झाकणाच्या रबरी कडेवर तासन् तास पाणी उभे राहिले, तर ते आत कसे जाते हेही सांगितले पाहिजे. टाकी उन्हाने तापते, अचानक सर येते, आतली हवा आणि वाफ थंड होऊन आकसते आणि टाकी बाहेरून शोषून घेऊ लागते. अशा वेळी रबराच्या कडेतून हवेऐवजी पाणी ओढले जाते, एका वेळी चमचाभर. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पाणी आले, तर मेकॅनिक कार्ब्युरेटरखालचा स्क्रू सैल करून ते खाली सांडायचा, दोन किक मारायचा आणि वीस रुपये घ्यायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत इंधन थेट इंजेक्टरने फवारले जाते आणि पंप टाकीच्या आत, अगदी तळाशी बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी धरून ठेवते, पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात, म्हणजे नेमके पंपाच्या तोंडाशी. इंजिनाचे आणि इंधनाचे हे बदल ज्यांना ठाऊक असायलाच हवेत, त्यांनी पाण्याच्या भोकाची जागा ठरवताना गाडी कशी उभी राहते एवढेही पाहू नये, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणत नाही. पेट्रोल पंपाच्या टाकीतूनही पाणी येऊ शकते आणि काही लोक प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट झाकणावर मारतात. त्यामुळे प्रत्येक दावा डोळे झाकून मान्य करा, ही माझी मागणी नाही. माझा आक्षेप त्यांच्या लेखी उत्तरावर आहे. वॉरंटी 'साहित्यातील किंवा निर्मितीतील दोषांपुरती' आहे, तुमच्या गाडीचे सर्व भाग ठरलेल्या मापांनुसार आहेत, त्यामुळे त्यात दोष नाही, असे ते उत्तर म्हणते. गुणवत्ता विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाक्य वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. ड्रॉइंगच चुकले असेल, तर त्याप्रमाणे बनलेला प्रत्येक भाग तपासणीत पास होणार आणि प्रत्येक भाग चुकीचाच असणार. आमच्याकडे ग्राहकाने एक भाग परत पाठवला आणि आम्ही उत्तर दिले की 'साहेब, सगळेच असे आहेत', तर तो संपूर्ण लॉट त्याच दिवशी थांबवला जाईल. मोटारसायकल विकणारी कंपनी मात्र हेच वाक्य बचाव म्हणून वापरते. एकाच गाडीत बिघाड झाला, तर तो तुमच्या वापरामुळे. सगळ्याच गाड्यांत झाला, तर ते त्या मॉडेलचे वैशिष्ट्य. मग दोष म्हणायचे तरी कशाला?

कायदा या बाबतीत वॉरंटीच्या पुस्तिकेपेक्षा स्पष्ट आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ८४ मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीची कारणे देताना निर्मितीतील दोष आणि रचनेतील दोष ही दोन कारणे वेगवेगळी सांगितली आहेत. मात्र येथे एक खाच आहे आणि ती मला वकील मित्राने वेळीच दाखवली. उत्पादन दायित्वासाठी, म्हणजे उत्पादकाच्या या जबाबदारीसाठी, जी 'हानी' धरली जाते, तिच्यातून कलम २(२२) ने खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे. म्हणजे त्या संध्याकाळी माझा पाय मोडला असता, तर कलम ८४ कामी आले असते. फ्युएल पंपाच्या पैशासाठी मात्र कलम २(१०) मधील 'दोष' आणि सेवेतील त्रुटी याच वाटेने जावे लागते. माझी तक्रार त्याप्रमाणे लिहिली आहे आणि दोष ठरवण्यासाठी तपासणी आवश्यक वाटली, तर कलम ३८ खाली गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी, अशी विनंतीही केली आहे. तपासणीचे शुल्क आयोग मला भरायला सांगू शकतो, त्याची तयारी ठेवली आहे. तक्रारीला फी लागली नाही, कारण गाडीसाठी दिलेली किंमत पाच लाखांच्या आत आहे, आणि तक्रारदार राहतो तेथेच ती दाखल करता येत असल्याने मला नाशिकबाहेर जावे लागले नाही. तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते.

त्याआधी मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. नवव्या दिवशी कंपनीचा मेल आला की 'सद्भावना म्हणून' निम्मे बिल माफ करू, फक्त 'ग्राहकाचे पूर्ण समाधान झाले' अशा मजकुरावर सही द्या. ३,९२० रुपये सरळ हातात येत होते. पत्नी म्हणाली, "अहो, उरलेल्या तेवढ्याच रुपयांसाठी किती सुट्ट्या घालवणार आहात?" तिचा हिशेब बरोबर आहे, आतापर्यंत तीन सुट्ट्या गेल्या आहेत आणि रुपयांत मी केव्हाच तोट्यात आहे. पण त्या कागदावर सही केली असती, तर भोक उजवीकडे आहे ही गोष्ट कोणत्याही दप्तरात कधी नोंदलीच गेली नसती. शिवाय कंपनी मला काही देणे लागत असेल, तर ते सद्भावना म्हणून का घ्यायचे?

आता खरी गंमत. आमच्या कारखान्यातील एका सहकाऱ्याने दसऱ्याला हेच मॉडेल घेतले. पार्किंगमध्ये सहज म्हणून मी त्याच्या झाकणाजवळ वाकून पाहिले, तर खळग्यात दोन भोके होती, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. मग स्पेअर पार्टच्या यादीत टाकीचा क्रमांक तपासला. तो जवळजवळ तोच आहे, फक्त शेवटचे अक्षर बदलले आहे. ड्रॉइंग सुधारल्याशिवाय ते अक्षर कोणी बदलत नाही, हे मी दररोज करत असलेल्या कामावरून सांगू शकतो. दोन्ही टाक्यांचे फोटो आणि यादीची ती पाने मी तक्रारीला जोडली आहेत.

पुढची तारीख पुढील महिन्यात आहे. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने तक्रार करण्याची तरतूद कलम ३५ मध्ये आहे आणि पुरेसे लोक पुढे आले, तर वकील मित्र तसा अर्ज करायला तयार आहे. तेव्हा नाशिक परिसरात ज्यांच्याकडे एकाच भोकाची टाकी असलेली ही गाडी आहे आणि पावसाळ्यात असाच त्रास झाला आहे, त्यांनी मला मेसेज करावा आणि जॉब कार्डाची प्रत जपून ठेवावी. कार्डावर 'निकृष्ट इंधन' लिहिले असेल, तर खाली स्वतःच्या हाताने 'मान्य नाही' लिहून मगच सही करावी. खळग्यात पाणी ओतून व्हिडिओ काढणार असाल, तर गाडी साइड स्टँडवरच ठेवा, झाकणाला किल्ली फिरवली आहे याची खात्री करा आणि टाकीत पेट्रोल थोडेच असेल असा दिवस निवडा.