हप्त्यापलीकडचा गट
बायांच्या बचत गटांवरचा एक लेख वाचला; त्यात गटाचं यश फक्त कर्ज आणि परतफेडीत मोजलंय. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून मोजमाप तेच म्हणा! मी लग्न करून या गावात आले तेव्हा सगळ्यांसाठी 'पाटलांची धाकटी सून' होते. माझं स्वतःचं नाव पहिल्यांदा लागलं ते गटाच्या वहीत. पुढे बायांनी मलाच अध्यक्ष केलं. सुरुवातीला मीच बडबडायचे. नंतर कळलं, वही मिटली की पाच मिनिटं गप्प बसायचं. सहा महिने नुसता अंगठा उठवून जाणारी एक काकू अशाच एका शांततेत बोलायला लागली, त्या दिवशी हप्ते मोजायचेच राहिले. बँकेच्या साहेबांना हे कुठल्या रकान्यात भरून दाखवू?