‘इस्रायलसारखं करा’ म्हणणाऱ्यांना

पंधरा ऑगस्ट जवळ आला की हा मेसेज हमखास फिरतो: ‘इस्रायलमध्ये प्रत्येक जण सैन्यात जातो. आपल्याकडेही अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना दोन वर्षं सक्ती करा. बेकारी संपेल, शिस्त लागेल, सगळे एका रांगेत येतील. पण हिंमत कुणाची होत नाही.’

‘प्रत्येक जण’ इथेच गाडी घसरते. इस्रायलच्या बहुतेक अरब नागरिकांना ही सक्ती नाही. धर्माध्ययन करणाऱ्या कर्मठ ज्यूंना 1948 पासून सूट मिळत आली. सुरुवातीला ती चारशे जणांपुरती होती, पुढे हजारोंवर गेली. जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या सूटीला कायद्याचा आधार नाही असा निकाल दिला.

बेकारीचं म्हणाल तर जरा आकडेमोड करू. आपल्याकडे दरवर्षी अठरा पूर्ण करणारे दोन कोटींहून जास्त. दोन वर्षं म्हणजे एका वेळी चार कोटी. तिन्ही दलं मिळून आज आहेत चौदा लाखांच्या आसपास. माणशी महिना फक्त दहा हजार धरले तरी वर्षाला 4.8 लाख कोटी रुपये. 2025-26चं संरक्षणाचं सगळं बजेट 6.81 लाख कोटींचं. त्यात पेन्शनही आली.

शिवाय माणसं कमी पडतायत कुठे? साताऱ्याकडे पहाटे गाडी काढा. अंधारात डांबरी रस्त्यावर पोरं सैन्यभरतीच्या तयारीसाठी सोळाशे मीटर मारत असतात, एक जण कडेला मोबाईलवर वेळ लावून ‘दम सोडू नको’ ओरडत असतो. 2022 मध्ये हवाई दलाच्या अग्निवीर (चार वर्षांपुरत्या सैनिकांच्या) भरतीत सुमारे तीन हजार जागांसाठी साडेसात लाख अर्ज आले. निवड झाली तरी चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम होणार. जे जीव तोडून धावतायत त्यांना घरी पाठवायचं आणि नको म्हणणाऱ्यांना ओढून आणायचं, हा कुठला हिशेब?

शिस्तीबद्दल एकच. दक्षिण कोरियात सक्ती आहे. 2014 मध्ये तिथे वरिष्ठांच्या मारहाणीत एका तरुण सैनिकाचा जीव गेला, तेव्हा अख्खा देश हादरला होता.

सगळे एका रांगेत? राज्यघटनेचं कलम 23(2) सार्वजनिक कामासाठी सक्तीच्या सेवेला परवानगी देतं. फक्त धर्म, वंश, जात किंवा वर्गावरून भेद करायचा नाही. (लिंगाचा उल्लेख नाही, म्हणजे मुलींचं काय ते वेगळं भांडण.) कागदावर ठीक. प्रत्यक्षात सरकारी मेडिकलचा बाँड आठवा. एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा, पण आपल्या राज्यात दहा लाख भरले की सुटका, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ज्याच्या बापाकडे दहा लाख तो पीजीच्या तयारीला, बाकीचे आडगावच्या सरकारी आरोग्य केंद्रात.

आणि हिंमत? 1959 मध्ये नेमलेल्या, आपल्याच चिंतामणराव देशमुखांच्या (माजी अर्थमंत्री) समितीने कॉलेजात जाण्याआधी नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचवली होती. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहून ती बाजूला पडली. चीन युद्धानंतर 1963 मध्ये एनसीसी सक्तीची केली, 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक. पुढच्याच वर्षी एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आलं, तेही ऐच्छिक.