माणसाच्या भ्रूणाला कल्ले नसतात

"गर्भात आपण आधी मासा असतो. महिन्याच्या भ्रूणाला कल्ले असतात, शेपूट असते. आता थ्रीडी चित्रांनीही ते सिद्ध झालंय." गोल फिरणाऱ्या भ्रूणाच्या चित्राखाली हा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. चित्राबद्दल तक्रार नाही, त्याखालच्या मजकुराबद्दल आहे.

कल्ल्यांचं आधी पाहू. चौथ्या-पाचव्या आठवड्यात भ्रूणाच्या मानेपाशी कमानीसारखे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा दिसतात. माशात याच कमानींपासून कल्ले तयार होतात. माणसात त्या खाचांतून श्वास कधीच घेतला जात नाही. प्राणवायू आईच्या रक्तातून मिळतो. पहिल्या कमानीतून जबडा आणि कानातली हातोडी व ऐरण ही हाडं घडतात, दुसरीतून कानातलंच रिकीब हे हाड, खालच्या कमानींतून स्वरयंत्राच्या कूर्चा. पहिली खाच पुढे कानाची नळी होते. सुरुवातीचा आराखडा सारखा, कारण पूर्वज एक. पण भ्रूण प्रौढ माशाच्या अवस्थेतून जात नाही, हे भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअर यांनी १८२८ मध्येच मांडलं होतं.

शेपूट मात्र खरी. आठव्या आठवड्याच्या सुमारास ती नाहीशी होते, माकडहाड उरतं.

"सगळ्या प्राण्यांचे भ्रूण हुबेहूब सारखे" हे दाखवणारी ओळीतली चित्रं जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलची, १८७४ च्या सुमाराची. त्याने साम्य वाढवून काढलं होतं. १९९७ मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या भ्रूणांचे फोटो शेजारी ठेवले, तेव्हा फरक स्पष्ट दिसले.

आणि थ्रीडीने सिद्ध काय झालं? २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या कार्नेगी या मानवी भ्रूणांच्या संग्रहातले सुमारे १५,००० पातळ छेद वापरून पहिल्या दोन महिन्यांचा थ्रीडी ॲटलस केला. एकेका भ्रूणात १५० पर्यंत अवयव ओळखून, रंगवून, सुटे पाहता येतात. हा खटाटोप करावा लागला, कारण पाठ्यपुस्तकांतलं बरंच वर्णन शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या मोजक्या भ्रूणांवर आधारलेलं होतं आणि ते पडताळणं अवघड होतं. माणूस आधी मासा असतो, असं त्यातून निघत नाही.

हे इतकं मनावर घेण्याचं कारण वेगळं आहे. काही बाळांच्या मानेच्या बाजूला जन्मतः बारीक छिद्र असतं, त्यातून कधी स्राव येतो. बहुधा दुसरी खाच पूर्ण न बुजल्याने ते राहतं. त्याला "माशाचा कल्ला" म्हणून कौतुकाने सोडून देऊ नका. त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि शस्त्रक्रियेने ते काढता येतं. बाळाला डॉक्टरांना दाखवा.